बॅग भरून झाली, पण मुलांना सांगितलंय का?

घरातल्या इमर्जन्सीची तयारी म्हटलं की बहुतेक घरांत काय होतं सांगते. बातम्यांत काहीतरी बघितलेलं असतं, मग दोघा मोठ्यांपैकी एकाला अचानक जाग येते, एक जुनी सॅक काढली जाते, टॉर्च, औषधं, कागदपत्रांच्या झेरॉक्स, पॉवर बँक, पाण्याच्या बाटल्या असं सगळं कोंबून ती कपाटावर ठेवली जाते आणि विषय संपला. मुलांना विचारा ती बॅग कसली, तर म्हणतील ट्रिपची. आमच्याकडे तर मुलीने त्यातला टॉर्च खेळायला काढला म्हणून तिला ओरडा बसला होता, आणि ती बॅग कशासाठी आहे हे तिला तेव्हाही कोणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही.

नंतर या विषयावर बरंच वाचलं तेव्हा कळलं की आपण उलट्या बाजूने सुरुवात केली होती. बॅग महत्त्वाची आहेच, पण तयारीचा गाभा बॅग नाही. गाभा हा आहे की ऐन वेळी घरातला प्रत्येक जण काय करत असेल हे घरातल्या बाकी सगळ्यांना माहीत असणं. आणि "सगळ्यांना" यात पाच वर्षांचं पोरगंही आलं.

हे का म्हणते त्यासाठी जपानमधली गोष्ट सांगते. तिथल्या ईशान्य किनाऱ्यावर एक म्हण आहे, त्सुनामी तेंदेन्को, म्हणजे त्सुनामी आली की ज्याने त्याने आपापलं पळायचं, कोणी कोणासाठी थांबायचं नाही. ऐकायला किती निर्दय वाटतं ना, आई मुलाला सोडून पळणार? पण त्या किनाऱ्याने १८९६ आणि १९३३ अशा दोन मोठ्या त्सुनामी बघितल्यात आणि त्यात कितीतरी घरंच्या घरं गेली ती एकमेकांना शोधायला मागे वळल्यामुळे. कामाइशी नावाच्या गावात प्रोफेसर कातादा हे शाळकरी मुलांना बरीच वर्षं याची तयारी शिकवत होते. ते मुलांना विचारायचे, तुम्ही शाळेत असताना त्सुनामी आली तर आई काय करेल? मुलं म्हणणार, आम्हाला न्यायला येईल. मग काय होईल? मुलं गप्प. म्हणून ते मुलांना सांगायचे, आज घरी जा आणि आईला पटवून द्या की मी नक्की पळून जाणार आहे, तू माझ्यासाठी येऊ नकोस, तूही पळ.

म्हणजे बघा, त्या म्हणीतलं निर्दयपण जातं कुठे? विश्वासात जातं. आई मुलाला टाकून पळत नाहीये, मूल वर डोंगरावर पोचलेलं असणार याची तिला खात्री आहे म्हणून पळतेय. आणि ही खात्री ऐन वेळी तयार होत नाही, ती आधी घरात बसून, बोलून, चार वेळा करून बघून बनवावी लागते.

११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा तिथल्या एका माध्यमिक शाळेत लाइट गेल्यामुळे स्पीकरवरून सूचना देता येईना, पण पोरं सूचनेची वाट न बघता पळत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेतली लहान मुलं तिसऱ्या मजल्यावर जात होती, ती मोठ्यांना पळताना बघून खाली उतरून त्यांच्या मागे निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर तीही जागा धड वाटेना म्हणून सगळे आणखी वर गेले, मोठ्यांनी लहानांचे हात धरले होते. नंतर दोन्ही शाळांच्या इमारती पाण्याने गिळल्या. पण त्या गावातली जवळपास ३००० शाळकरी मुलं वाचली.

आता तुमच्या घराजवळ समुद्र असेल नसेल, मुद्दा तोच राहतो. आग लागली की मोठी माणसं मुलांना शोधायला परत आत जातात, मुलं मांजर किंवा लाडकं खेळणं आणायला परत जातात. म्हणून "बाहेर कुठे भेटायचं" ही एक गोष्ट ठरलेली असणं अर्ध्याहून जास्त काम करतं. घराबाहेरची एक ठरलेली, न हलणारी जागा पाहिजे. अमुक झाड, तमुक गेट. उभी केलेली गाडी नको, कारण गाडी कधी जागेवर असते कधी नसते. बाहेर आलास की तिथे जाऊन थांबायचं, काहीही झालं तरी परत आत जायचं नाही, आत कोणी राहिलं असेल तर ते मोठ्यांना सांगायचं. आणखी एक जागा जरा लांबची, आपल्या एरियातच जाता आलं नाही तर. बस. हे दोन पत्ते पाच वर्षांच्या मुलालाही पाठ होतात.

आता आईबाबांचा नेहमीचा प्रश्न, मुलं घाबरणार नाहीत का?

खरं सांगायचं तर अर्धवट सांगितलं तर घाबरतात. "आपल्या घराला आग लागू शकते" इथे वाक्य थांबवलं की पुढची सगळी भीती मूल स्वतः भरतं, आणि मुलांची कल्पनाशक्ती आपल्यापेक्षा दांडगी असते. पण "आग लागली तर आपण या दाराने जायचं, ते बंद असेल तर त्या दाराने, आणि तू बाहेर पडताना मोठ्याने आग आग म्हणून ओरडायचं" असं सांगितलं की त्याच वाक्यात त्याला काम मिळालं. काम असलेलं मूल आणि नुसतं सांगितलेलं मूल यात फार फरक असतो, घरात पाहुणे येणार असताना बघा की, हातात काहीतरी दिलं की पोरं लगेच शहाणी होतात.

दुसरं म्हणजे मुलं आपले शब्द कमी आणि चेहरा जास्त वाचतात. १९८५ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, एक वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर सोडायचे, काचेखाली अर्ध्यात खोल गेल्यासारखं दिसायचं, पलीकडे आई उभी. आई हसत असेल तर १९ पैकी १४ बाळं रांगत पलीकडे गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तर १७ पैकी एकही गेलं नाही. एक वर्षाची बाळं बरं का ही! त्यामुळे ही बोलणी बाहेर धो धो पाऊस पडतोय, आपण फोनवर अपडेट बघत येरझाऱ्या घालतोय अशा वेळी काढायचीच नाहीत. साध्या, काही न घडलेल्या दिवशी काढायची, सायकल शिकवताना ब्रेक कुठे आहे ते सांगतो तितक्या सहज.

अगदी लहान मुलांना, म्हणजे तीन ते पाच, काय शिकवता येतं? स्वतःचं पूर्ण नाव, आईबाबांची खरी नावं (बऱ्याच मुलांना आईचं नाव "आई"च वाटत असतं, हसू नका, विचारून बघा), आणि एक फोन नंबर. एकच, दोन नकोत, घोळ होतो. नंबर चालीत म्हणून घ्या, बडबडगीतासारखा. चालीत बसलेली गोष्ट किती टिकते याचं इंडोनेशियातलं सिमेउलुए बेट हे भारी उदाहरण आहे. १९०७ साली तिथे मोठी त्सुनामी आली, तेव्हापासून गाण्यांतून आणि आजी-आजोबांच्या गोष्टींतून "स्मोंग" (तिथल्या भाषेत त्सुनामी) हा शब्द पिढ्यानपिढ्या पोचला, जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला की डोंगरावर पळा. २००४ ला, म्हणजे ९७ वर्षांनी, ते बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं आणि जवळपास ७८,००० लोकवस्तीतले ७ लोक गेले. सात. ना सायरन ना मेसेज.

या वयातली अजून एक गोष्ट फार लोक बोलत नाहीत. आग लागली की लहान मुलं पळत नाहीत, लपतात. पलंगाखाली, कपाटात, जिथे त्यांना एरवी सेफ वाटतं तिथे. आणि मास्क, हेल्मेट, पाठीवर सिलिंडर असा फायरमन धुरातून आला, श्वासाचा तो घरघर आवाज करत, तर मूल अजून आत सरकतं. म्हणून फायरमन कसा दिसतो ते आधीच फोटोत, व्हिडिओत दाखवा आणि सांगा की हा दिसला की लपायचं नाही, उलट हाका मारायच्या. आणि लपाछपी खेळता खेळता हेही सांगून टाका की आग लागली तर लपाछपी बंद.

सहा ते दहा हे वय मला या कामासाठी बेस्ट वाटतं, नियम पाळायची आणि दुसऱ्याला पाळायला लावायची भयंकर हौस असते. घराचा नकाशा काढायला द्या. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायचे दोन रस्ते शोध म्हणा, दार आणि दुसरं काय? आमच्या नकाशात मुलीनेच दाखवलं की आतल्या खोलीच्या दाराची वरची कडी तिच्या हाताला पोचत नाही, रात्री आम्ही ती लावतो. सात वर्षं त्या घरात राहून आम्हा दोघांच्या हे डोक्यात आलं नव्हतं. मग तिने विचारलं मांजरीला कोण घेणार? यावरही आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसतं तर ती परत आत गेली असती याबद्दल मला शंका नाही. शेवटी ठरलं, मांजरीचा पिंजरा दाराजवळ ठेवायचा, वाटेत सापडली आणि वेळ असेल तर बाबा घेणार, नाहीतर दार उघडं ठेवून ओरडत निघायचं. (आगीत मात्र दार आपल्या मागे ओढून घ्यायचं, बंद दार आग आणि धूर बराच वेळ अडवतं. हा अपवाद तिला पटवायला दोन दिवस लागले आणि मला अजून वाटतं तिला तो मनातून मान्य नाही.)

मुलांना खरी कामं द्या, खोटी नकोत. बॅगेतल्या टॉर्चची बॅटरी महिन्यातून एकदा बघणं हे खरं काम आहे. पाणी मोजणं पण, माणशी दिवसाला साधारण चार लिटर धरतात, प्यायला आणि अगदी जरुरीच्या वापराला मिळून, आणि निदान तीन दिवसांचं. चार माणसं गुणिले चार गुणिले तीन, हे गणित पोराने केलं आणि ४८ आलं की त्यालाच कळतं की आपल्या दोन बाटल्यांनी काही होणार नाहीये. स्वतःची छोटी बॅग त्यांनाच भरू द्या, त्यात एक आवडीची वस्तू हवीच, छोटं पुस्तक, पत्ते, मऊ खेळणं काहीही. ते लाड म्हणून नाही, अनोळखी हॉलमध्ये शंभर लोकांत रात्र काढायची वेळ आली तर तीच वस्तू कामाला येते.

आता करून बघणं. माहीत असणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं, घाबरलेल्या डोक्याला विचार करून काही आठवत नाही, हातापायांना जे माहीत आहे तेवढंच होतं. भूकंपाचं घ्या. जमीन हलायला लागली की पहिली ऊर्मी पळायची येते, आणि पळतानाच लोक पडतात, अंगावर वस्तू पडतात. म्हणून आत असाल तर खाली बसा, मजबूत टेबलाखाली जा, डोकं-मान झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा, थांबेपर्यंत. टेबल सरकलं तर त्याच्यासोबत सरकायचं, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. दाराच्या चौकटीत उभं राहायचं हे जुनं झालं, ते आता कोणी सांगत नाही. आगीसाठी गुडघ्यांवर रांगत बाहेर जायचं, कारण धूर वर जमतो आणि खाली हवा जरा बरी असते. डोळ्यांना रुमाल बांधून दारापर्यंत पोचायचा खेळ लावा, मोठ्यांनीही खेळायचा, तुम्ही कुठे कुठे धडकता ते बघून मुलं जाम खूश होतात आणि तुम्हाला कळतं की ते शू-रॅक तिथून हलवायला पाहिजे. दार उघडायच्या आधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपायचं, गरम असेल तर ते दार उघडायचं नाही. कपड्याने पेट घेतला तर पळायचं नाही, जागीच थांबून, आडवं होऊन, तोंड झाकून लोळायचं. बरीच मुलं हे अंगाला आग लागली यासाठी नाही तर घरात आग लागली यासाठी पाठ करतात, आणि घरात आग असताना जमिनीवर लोळत बसणं म्हणजे किती वाईट, तर दोन्हीतला फरक एकदा नीट सांगा.

रात्रीची प्रॅक्टिस मात्र वेगळी. स्मोक अलार्म, म्हणजे धूर झाला की वाजणारा भोंगा, लावला की झालं असं वाटतं ना? २०१८ ला एक अभ्यास छापून आला, ५ ते १२ वयाची १७६ मुलं, झोपेत अलार्म वाजवून बघितला. नेहमीच्या कर्कश बीप बीप अलार्मने जेमतेम निम्मी मुलं, ५३ टक्के, जागी झाली. तेच आईच्या आवाजातल्या रेकॉर्डिंगने ९० टक्क्यांच्या आसपास. बाहेर पडायला लागलेला वेळ तर अजून धक्कादायक, आवाजाने अर्ध्या मिनिटाच्या आत, बीपने पावणेपाच मिनिटं. आणि पेटलेल्या घरातून बाहेर पडायला कधी कधी दोनच मिनिटं मिळतात. म्हणजे मूल स्वतः उठेल यावर प्लॅन बेतायचाच नाही. कोण मोठा कोणत्या मुलाच्या खोलीत जाणार हे नावानिशी ठरलेलं हवं, नाहीतर दोघंही एकाच मुलाकडे धावतात.

पुराचं थोडक्यात सांगते कारण नियम एकच आहे, वाहत्या पाण्यात पाय घालायचा नाही. वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर खोल पाणी मोठ्या माणसालाही पाडू शकतं, म्हणजे पट्टीवर मोजा, घोट्याच्या जरा वर. मुलांच्या हातात पट्टी द्या, बादलीत मोजू द्या, "एवढंच?" म्हणतात. तो "एवढंच?" महत्त्वाचा आहे.

फोनबद्दल. इमर्जन्सी नंबर आपण जिथे राहतो तिथला, भारतात आणि युरोपात ११२, अमेरिकेत ९११, मुलाला नंबर माहीत असतो पण लॉक असलेल्या फोनवरून तो कसा लावायचा हे माहीत नसतं. लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी असं लिहिलेलं असतं ते दाखवा, खरा कॉल लावायचा नाही, एक जण समोरचा ऑपरेटर बनून प्रश्न विचारा: काय झालं, कुठे आहेस, तुझं नाव काय. मुलं "काय झालं" मस्त सांगतात आणि "कुठे" वर अडकतात, पत्ता येत नाही, म्हणून पत्ता एका जाड कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवून टाका. आणि समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. मोठं संकट आलं की कॉल लागत नाहीत, पण मेसेज बऱ्याचदा जातो, कारण त्याला लाइन कमी लागते. दुसऱ्या गावातला एक नातेवाईक ठरवून ठेवा, सगळ्यांनी त्याला कळवायचं, गावातल्या गावात एकमेकांना फोन लावत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं. शाळेतून दुसरं कोणी न्यायला आलं तर विचारायचा एक घरचा पासवर्ड ठेवा, आणि तो मुलांनाच निवडू द्या. आमचा इतका वेडगळ आहे की इथे सांगता येत नाही, सांगायचा नसतोच म्हणा.

अकरा-बारानंतरच्या मुलांशी खेळबिळ चालत नाही, डोळे फिरवतात. त्यांना मोठ्यांचं काम द्या. गॅस कुठून बंद होतो, लाइटचा मेन स्विच कुठे आहे, आणि कधी हात लावायचा नाही (उभ्या पाण्यात उभं राहून मेन स्विचला अजिबात नाही, गॅसचा वास आला तर कुठलंच बटण चालू-बंद करायचं नाही, बाहेर पडायचं). बारा वर्षांपासून वर्षातून दोन तास शाळेत सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहणं) शिकवावा या कल्पनेला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिलाय, छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. तेवढी ताकद सगळ्या पोरांत नसेल पण दुसऱ्याला सांगून करून घ्यायची अक्कल नक्की असते.

आणि मग मुलांनी सांगितलं तर ऐकायचं. २००४ च्या त्सुनामीत थायलंडच्या फुकेत बेटावरच्या एका बीचवर दहा वर्षांच्या टिली स्मिथने पाणी फेसाळताना बघून ओळखलं होतं, दोनच आठवडे आधी भूगोलाच्या तासाला शिकवलं होतं म्हणून. तिची गोष्ट हुशार मुलगी म्हणून सांगतात. मला त्यातला बाप जास्त आठवतो, पोरगी रडकुंडीला येऊन बडबडतेय आणि समुद्र तर दिसायला ठीकच आहे, तरी त्याने तिचं ऐकलं आणि गार्डला जाऊन सांगितलं. बीच रिकामा झाला म्हणून जवळपास शंभर लोक वाचले.

काही घडून गेल्यावर टीव्ही बंद ठेवा. तीच क्लिप वीस वेळा लागली की लहान मुलाला वाटतं वीस वेळा झालं. तेच तेच प्रश्न विचारतील, तेच तेच उत्तर द्या, न कंटाळता. जेवण-झोपेच्या वेळा शक्य तितक्या नेहमीच्या ठेवा.

आणि दर सहा महिन्यांनी सगळी बॅग रिकामी करून परत भरायची, हे काम मुलांकडेच. मागच्या वेळी आम्ही उघडली तेव्हा औषधांची तारीख उलटलेली होती, पॉवर बँक डेड, आणि मुलीचे बूट तिला दोन नंबर लहान. तिने ते घालून बघितले, अर्धी टाच बाहेर, आणि म्हणाली यात मी पळणार होते होय?